मंडईवाल्या पुंडलिकचा बायोडाटा

“अनुभवाच्या जागी काय टाइप करू?” मी विचारलं.

पुंडलिक टाइपरायटरच्या कळांकडे बघत बसला. त्याच्या वडिलांनी, लक्ष्मणजी शेंड्यांनी, कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, माझ्या टाइपरायटरवर ठेवला आणि तळहातानं दाबून सपाट केला.

“हे टाका, मास्तर.”

कागद एका राइस मिलचा होता. पुंडलिक शेंडे यांनी आमच्या मिलमध्ये दोन वर्षे मुनीम म्हणून समाधानकारक काम केले, वागणूक चांगली, भावी आयुष्यास शुभेच्छा. खाली सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. अडचण एवढीच होती की, त्या दोन वर्षांत पुंडलिक बालाघाटच्या कॉलेजात बी.ए. करत होता आणि रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून टायपिंगच्या चुका करत होता. मिल तिकडे लांब, किरनापुरच्या बाजूला. एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहायची विद्या मी तरी त्याला शिकवली नव्हती.

मी म्हटलं, “लक्ष्मणजी, हे खोटं हाय.”

“तं?” ते म्हणाले. “सगळेच लावतात.”

ते खरंच होतं. साठ-सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशातल्या बालाघाटला बसस्टँडच्या मागे माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, आणि मी नोकरी न करता भाड्याच्या खोलीत मशिनं मांडून बसलेलो. घरच्यांना त्याचं फार वाईट वाटायचं. मला अजिबात नाही. सकाळ-संध्याकाळ पोरांना शिकवायचं आणि दुपारी अर्ज टाइप करायचे, हा माझा धंदा. नोकरीच्या अर्जाला एक कागद जोडावा लागे, त्याला आम्ही बायोडाटा म्हणायचो. हल्लीची मुलं त्यालाच सीव्ही म्हणतात. आपण कोण, काय शिकलो, आजवर काय केलं, हे साहेबाला एका नजरेत कळावं म्हणून तो असतो. प्रत्यक्षात मात्र त्यात पोराआधी बापच यायचा. बापाचं नाव, जात, गाव, शेती किती, घरात सरकारी नोकरीत कोण, आणि मग कुठे तरी खाली पोरगा. आणि पोरगा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला असला, की अनुभवाच्या जागेसाठी कोणा मामाच्या, काकाच्या किंवा ओळखीच्या मिलमधून असा कागद यायचा. आमच्या जिल्ह्यात धान पिकतं, त्यामुळे राइस मिल पुष्कळ. त्या सर्व कागदांवर विश्वास ठेवला असता, तर एकेका मिलमध्ये भात कांडायला एक मशीन आणि मुनीम मात्र डझनभर, असा हिशेब निघाला असता.

मी ते कागद टाइप करत नसे. यात माझा साधुपणा नव्हता, ताठा होता. माझ्या मशीनवरून निघालेला कागद साहेबलोक ओळखायचे. समास सरळ, खाडाखोड नाही, कार्बन कॉपीसुद्धा वाचता येणारी. तो लौकिक मी कोणा मिलमालकाच्या शिक्क्यासाठी घालवणार नव्हतो.

“मी हे टाइप करत नाही,” मी म्हटलं. “दुसरं काही असन तं सांगा.”

“दुसरं काही नाही, म्हणूनच तं हे आणलं.” लक्ष्मणजींचा आवाज चढला. “थर्ड डिव्हिजन बी.ए. हाय तो. कोणाच्या कामाचा? मी साफ सांगतलं त्याले. भरवेलीच्या खाणीतली ही जागा भेटली तं भेटली. नाई तं वावरात ये. अन् धाकट्याले मी कॉलेजात टाकत नाही. एकाच्या शिकण्यानं काय उजेड पडला ते दिसूनच राह्यलं.”

पुंडलिकनं मान खाली घातली. आता मला कळलं, हा पोरगा इतका गप्प का बसलाय. त्याच्या एका नोकरीवर धाकट्या भावाचं शिक्षण अडलेलं होतं.

जागा होती खाणीच्या वेल्फेअर ऑफिसात असिस्टंटची. वेल्फेअर म्हणजे खाणीतून मँगनीज काढणं सोडून बाकी सगळं. कामगारांच्या कॉलनीतलं पाणी, कँटीन, सणवार, पोरांचे खेळ, मैदानात पडदा लावून दाखवायचा सिनेमा आणि नळावरून लागणारी भांडणं. जागा एकच होती आणि अर्ज खंडीभर येणार होते.

मी पुंडलिकलाच विचारलं, “तू काय काय केलं हाय रे आजवर?”

“काही नाही, मास्तर.”

“कॉलेजात नाटक, खेळ?”

“नाही जी.”

“मग सुट्टीत गावाले जाऊन करतो काय?”

तो बापाकडे बघायला लागला. एवढ्यात खालून हाक आली. आमच्या खोलीखाली मिठाईचं दुकान होतं, गुप्ताजींचं. ते जिन्याच्या पायरीवर उभे राहून वर बघत होते.

“पुंडलिक भैया! आप यहाँ? इस बार मंडई में मेरी दुकान पानी के पास मत देना. पिछले साल कीचड़ में बैठा दिया था मेरे को. जलेबी कम, मच्छर ज्यादा बिके.”

पुंडलिक पहिल्यांदाच हसला. “इस बार मुरूम डलवा रहे हैं, गुप्ताजी. जगह वही रहेगी.”

“वही रहेगी?”

“वही रहेगी. आपको नहीं जमता तो बरतनवाले को दे दूँ?”

गुप्ताजी पुटपुटत खाली गेले. मी पुंडलिककडे पाहतच राहिलो. टायपिंगच्या क्लासमध्ये उभं राहून दोन वाक्यं न बोलणारा हा पोरगा, बालाघाटच्या व्यापाऱ्याला वाकवून परत पाठवत होता.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. एक दिवसाची जत्राच ती. आज या गावाला, उद्या त्या गावाला. दुपारी बाजार, लेकीबाळी माहेरी आलेल्या, पाहुण्यांनी घरं भरलेली आणि रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं गाण्यानाचण्याचं नाटक. आसपासच्या खेड्यांतली हजारो माणसं लोटतात. ही मंडई सरकार भरवत नाही, गाव भरवतं. दुकानांना जागा नेमून द्यायची, बैलबंड्या सोडायला वेगळी जागा ठेवायची, पाणी, उजेड, मंडप, दंडारवाल्यांचं जेवण आणि दारू पिऊन आलेल्यांचा बंदोबस्त, हे सगळं कोणाला तरी बघावं लागतं.

“तुमच्या गावची मंडई कोण भरवते?” मी विचारलं.

“गाव भरवते,” लक्ष्मणजी घाईनं म्हणाले.

“पण बघते कोण?”

पुंडलिक हळूच म्हणाला, “मीच बघतो जी. मॅट्रिक झाल्यापासून.”

मी मशीनमध्ये कोरा कागद चढवला. लक्ष्मणजींनी माझा हातच धरला.

“मास्तर, हे नोका लिवू. नाचतमाशाचं कोणी खाणीच्या साहेबाले सांगते काय? माह्या पोराची अब्रू जाईन. म्हनतीन, शेंड्याचा पोरगा दंडारीत नाचते.”

“मी नाचलो नाही, बाबा,” पुंडलिक म्हणाला.

“म्हनतीन तं तसंच!”

लक्ष्मणजी वाईट माणूस नव्हते. आमच्याकडच्या सगळ्याच बापांसारखे होते. पोरगा गावात जे करतो ते काम नाही, आणि ज्या मिलची पायरीही तो चढला नाही ते मात्र काम, असं त्यांना मनापासून वाटायचं. मी त्यांना खाली गुप्ताजींकडे चहा प्यायला पाठवलं आणि पुंडलिकला समोर बसवलं.

मग तो बोलायला लागला. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. दुकानांना जागा कशी देतोस? वर्गणी कोणाकडून, हिशेब कोणासमोर वाचतोस? दोन दंडारी एकाच वेळी आल्या तर? माणूस बेशुद्ध पडला तर? त्याची सगळी उत्तरं तयार होती. तयार म्हणजे पाठ केलेली नाहीत, केलेली. फरक लगेच कळतो. पाठ केलेलं सांगणारा माणूस अडत नाही. केलेलं सांगणारा मध्येच थांबतो, आठवतो आणि म्हणतो, नाही जी, ते त्याच्या आदल्या वर्षी झालं.

खाणीचा सगळा कारभार इंग्रजीत, म्हणून बायोडाटाही इंग्रजीत. ‘मंडई’ हा शब्द मी तसाच ठेवला आणि पुढे गावाची वार्षिक जत्रा एवढा खुलासा केला. बाकी मोठे शब्द कटाक्षानं टाळले. आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकवावी लागत नाही, अनुभवानं कळते. साहेब कागद वाचत नाही, कागदावरून नजर फिरवतो. नजर अडेल असं जे काही असेल, ते वरच्या अर्ध्या भागात हवं. म्हणून मी नेहमीची चाल मोडली. वर पुंडलिकचं नाव. लगेच अनुभव. मग भाषा, मराठी, हिंदी, इंग्रजी. गावात पोवारी आणि थोडी गोंडीही बोलतो म्हणाला, त्याही घातल्या. मग शिक्षण. थर्ड डिव्हिजन लपवली नाही, पण तिला दिवाणखान्यातही बसवलं नाही. वडिलांचं नाव सर्वांत खाली आलं. जात आणि शेती आलीच नाही.

कागद मशीनमधून काढला आणि उजेडात धरला. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. आयुष्यात मी हजारो कागद टाइप केले, पण त्या कागदाचा मला जितका अभिमान वाटला तितका कोणाचाच नाही.

लक्ष्मणजींना मी तो वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “माहं नाव सगळ्यात खाली काहून?”

“नोकरी त्याले पाहिजे हाय, तुम्हाले नाही,” मी म्हटलं.

कागद घेऊन दोघं निघून गेले.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी भरवेलीला होतो. खाणीला एक टाइपिस्टही हवा होता आणि त्याची परीक्षा घ्यायला त्यांनी मलाच बोलावलं होतं. वेल्फेअर ऑफिसरच्या खोलीला लागूनच मला बसवलं. मध्ये प्लायवुडची पार्टिशन, ती छतापर्यंत पोचलेली नव्हती. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. बाहेर व्हरांड्यात बाकावर उमेदवार आणि उमेदवारांचे बाप बसलेले. लक्ष्मणजी अगदी दाराजवळ, इस्त्रीची टोपी घालून.

साहेबांचं नाव सिन्हा. उंच, करड्या आवाजाचे. पुंडलिकच्या आधी जे आत गेले त्यांच्याशी ते दोन-चार मिनिटंच बोलले. पुंडलिक आत गेला आणि मी माझ्या उमेदवारांना एक लांबलचक पॅसेज टाइप करायला देऊन टाकला.

बराच वेळ नुसता कागदांचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, “शेंडे, बायोडाटा में लिखा है, आप मंडई चलाते हैं. मिल का कोई जिक्र नहीं. और पीछे ये मिल का सर्टिफिकेट लगा है. दो साल मुनीम. ये क्या है?”

लक्ष्मणजींनी तो कागद अर्जाला जोडलाच होता. पोराला न सांगता, मला न सांगता.

“आज सुबह से इसी मिल के मुनीम आ रहे हैं मेरे पास,” साहेब म्हणाले. “आप तीसरे हैं. शब्द भी वही, शुभकामना भी वही. अब बताइए, कौन सा कागज सच है?”

दार उघडं होतं. बाहेर लक्ष्मणजींनाही ते ऐकू गेलं असणार. खरं सांगावं तर बाप खोटा पडतो, दारात बसलेला. खोटं सांगावं तर आपण पडतो. मी खुर्चीवरून अर्धा उठलो होतो, पण पार्टिशनच्या अलीकडून माझा काही उपयोग नव्हता. हे त्याचं त्यालाच बोलायचं होतं.

“साहब,” पुंडलिक म्हणाला, “मिल का कागज झूठा है. मैंने वहाँ काम नहीं किया. मंडई का सच है.”

“तो ये लगाया किसने?”

“मेरे घर से लगा है, साहब. मेरी ही जिम्मेदारी है.”

बापाचं नाव त्यानं घेतलं नाही. मला त्या पोराचा असा काही अभिमान वाटला, की समोर टाइप करणारा उमेदवार ओळ चुकला तरी मी त्याला टोकलं नाही.

आतून कागद फाडल्याचा आवाज आला. मग साहेबांनी विचारलं, “अच्छा, मंडई में दो दुकानदार एक ही जगह के लिए अड़ जाएँ तो?”

“पिछले साल अड़े थे, साहब. दोनों मिठाईवाले. दोनों को नीम के नीचे वाली जगह चाहिए थी.”

“किसको दी?”

“किसी को नहीं दी. वहाँ पीने के पानी के रांजण रख दिए. एक को इधर बिठाया, एक को उधर. पानी पीने तो सब आते हैं. दोनों का माल बिका.”

साहेब हसले. पुंडलिकनं मात्र पुढे स्वतःहून भर घातली. “पर एक गलती हुई. पानी गिर-गिर के कीचड़ हो गया. वो मैंने सोचा नहीं था. इस बार मुरूम डलवा रहा हूँ.”

मग साहेबांचा आवाज बदललेला वाटला. कॉलनीतल्या नळाची हकिगत ते त्याला सांगू लागले. दोन लाइनींच्या बायका रोज भांडतात, एकीची घागर दुसरीच्या डोक्यात बसायची बाकी राहिली आहे. दिवाळीनंतर निम्मे कामगार मंडईला पळतात, कोण कधी जाणार याचा पत्ता लागत नाही. पुंडलिक प्रश्न विचारायला लागला. नळ कुठे आहे, पाणी किती वाजता येतं, उकव्याकडची माणसं किती, किरनापुरकडची किती. कोण कोणाचा इंटरव्ह्यू घेतोय ते कळेना. माझ्याकडच्या उमेदवारांचा पॅसेज केव्हाच संपला होता.

बाहेर आलो तेव्हा लक्ष्मणजी बाकावर नव्हते. आवाराच्या फाटकाशी सायकल धरून उभे होते. पुंडलिक त्यांच्याजवळ गेला. मीही गेलो, न जाणो बापलेकात तिथंच जुंपायची.

“मले खोटं पाडलं तू,” लक्ष्मणजी म्हणाले. त्यांचे डोळे भरलेले होते. “साहेबासमोर.”

“कागदाले पाडलं, बाबा. तुमचं नाव नाही घेतलं.”

“मी आयकलं. मीच होतो ना दाराजवळ.” ते थांबले. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. “माह्यावर घेतो म्हनाला तू. तेही आयकलं.”

दोघं निघाले. सायकल हातात धरून चालत गेले, एकही बसला नाही.

नेमणुकीचा कागद आला तो घेऊन लक्ष्मणजी एकटेच माझ्याकडे आले. पोरगा बी.ए., कागद घरी त्यानंच वाचून दाखवला असणार. तरी म्हणाले, “वाचा मास्तर. मोठ्यानं वाचा. खाली गुप्ताजीले आयकू गेलं पाहिजे.”

मी मोठ्यानं वाचला. प्रोबेशन शब्द आला तेव्हा त्यांनी थांबवलं. मी म्हटलं, सहा महिने काम पाहतील, पसंत पडलं तर पक्कं करतील. “हौ, पाहू द्या ना,” ते म्हणाले. “पाहन्यासारखंच हाय माह्या पोराचं काम.” नाचतमाशा हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. पुढच्या जुलैत धाकटा कॉलेजात आला, आणि संध्याकाळी माझ्या इन्स्टिट्यूटमध्येही. थोरल्यापेक्षा त्याचा हात बरा होता.

पुंडलिक पक्का झाला. कॉलनीतल्या नळाचं भांडण मिटलं की नाही ते मला ठाऊक नाही. बहुधा नसेल मिटलं, ती भांडणं मिटत नसतात. पण मंडईच्या दिवसांत कोणी कधी रजा घ्यायची याचा तक्ता खाणीत पहिल्यांदा त्यानंच लावला.

आता त्याचा परिणाम ऐका. गोष्ट पसरली आणि त्या वर्षी माझ्या जिन्यावर पोरांची रांग लागली. सगळ्यांना मंडईवाला बायोडाटा हवा होता. मिलचे मुनीम एका दिवाळीत संपले आणि त्यांच्या जागी मंडईचे व्यवस्थापक उगवले. मी प्रत्येकाला एकच विचारायचो, “मागच्या मंडईत भांडण कशावरून झालं?” “आमच्या मंडईत भांडण होतच नाही, मास्तर,” असं ताठ मानेनं सांगणाऱ्याला मी तसाच जिना दाखवायचो. भांडणाशिवाय पार पडलेली मंडई अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात झालेली नाही.

खोटं लिहून देणारे तेव्हाही होते, आताही आहेत, आणि त्यांचा धंदा माझ्यापेक्षा चांगला चालला, हेही कबूल करतो. पण मी धंद्यात जे शिकलो ते सांगून टाकतो. नुकता पास झालेला पोरगा ‘अनुभव काही नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला कोणी नीट विचारलेलं नसतं, एवढंच.

त्या रांगेत एक सडपातळ पोरगा होता. भांडणाचा प्रश्न विचारला तर म्हणाला, “मले नाही माहीत, मास्तर. मी मंडई भरवत नाही. मंडईत पोरं हरवतात ना, त्याईले मी खांद्यावर बसवून माय-बाप सापडेपर्यंत फिरवतो. दरसाली. बस, तेवढंच करतो.”

मी खुर्ची पुढे सरकवली. म्हटलं, “बस. आता सांग, रडणाऱ्या पोराले गप्प कसा करतो?”